वाडीचा झरा मार्चातच आटतो? खोदकामाला हात घालण्याआधी हे वाचा

सह्याद्रीच्या कुशीतल्या कितीतरी वाड्यांना पाऊस चार महिने झोडपून काढतो आणि होळी झाली की त्याच वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. टँकरची मागणी जाते, नळयोजनेचा प्रस्ताव जातो. वाडीला पिढ्यान्‌पिढ्या पाणी देणारा झरा मात्र कुणाच्याच यादीत नसतो. तो हळूहळू बारीक होतो, मे ऐवजी एप्रिलात आणि पुढे मार्चातच आटतो.

आमच्या वाडीच्या झऱ्यावर काम करताना काय मोजायचं, कुणाला विचारायचं, कुठला कागद कुठून आणायचा, हे सगळं आम्हाला तुकड्यातुकड्यांनी शोधावं लागलं. तुम्हाला ते एका ठिकाणी मिळावं म्हणून हा लेख. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. झरा आटला की लोक झऱ्यापाशीच खोदतात. झऱ्याचं दुखणं बहुतेक वेळा वर असतं, जिथे पाणी मुरतं तिथे. आणि ती जागा कोणती, हे डोंगरातला खडक ठरवतो.

## झरे पुन्हा वाहते करण्याची ही पद्धत कुठली?

काठमांडूला लागून असलेल्या ललितपूरला आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वतीय विकास केंद्र आहे. ‘इसिमोड’ या छोट्या नावाने ते ओळखलं जातं. १९८३ साली सुरू झालेल्या या संस्थेचे आठ देश सदस्य आहेत : अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, नेपाळ, भूतान, चीन, बांगलादेश आणि म्यानमार. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पसरलेल्या हिंदुकुश-हिमालयाच्या रांगा आणि त्यांत राहणारी सुमारे २४ कोटी माणसं हे तिचं कार्यक्षेत्र.

हिमालय म्हटलं की हिमनद्यांची चर्चा होते. पण मधल्या उंचीवरच्या डोंगरांतली बहुसंख्य गावं हिमनदीचं पाणी पीत नाहीत, ती झऱ्यावर जगतात. ते झरे आटू लागल्यावर सिक्कीम सरकारच्या ग्रामविकास विभागाने २००८ साली ‘धारा विकास’ हा कार्यक्रम सुरू केला. गावातल्याच तरुणांना भूजलाचं शिक्षण दिलं, रोजगार हमीच्या मजुरीतून डोंगरमाथ्यावर चर आणि तळी खोदली. असे वेगवेगळ्या ठिकाणचे अनुभव एकत्र करून इसिमोडने २०१८ मध्ये झरे पुनरुज्जीवनाची पायरीपायरीची पुस्तिका काढली. ती तयार करण्यात पुण्याच्या अक्वाडॅम या भूजलावर काम करणाऱ्या संस्थेचा मोठा वाटा होता. पद्धत हिमालयात घडली, पण तिच्यामागच्या भूजलशास्त्राची एक मुळी महाराष्ट्रातच आहे.

त्याच वर्षी नीती आयोगाच्या कार्यगटाने देशात सुमारे ५० लाख झरे असल्याचा अंदाज मांडला. त्यातले जवळपास ३० लाख हिमालयात. उरलेल्यांत पश्चिम घाट येतो, म्हणजे आपण येतो.

नवख्यांचा इथेच एक गैरसमज होतो. ‘इसिमोडकडे अर्ज केला की निधी मिळेल’ असं कुणी सांगितलं तर त्यामागे धावू नका. ही संस्था सदस्य देशांतली सरकारं, विद्यापीठं आणि संस्था यांच्याबरोबर काम करते, एकेका गावाला पैसे वाटत नाही. शिवाय सह्याद्री तिच्या क्षेत्रात बसत नाही. तिच्याकडून घ्यायचं ते ज्ञान, आणि ते फुकट आहे. तिची प्रकाशनं तिच्या संकेतस्थळावरून कुणालाही उतरवून घेता येतात. पैसा आणि परवानग्या आपल्याला इथेच मिळवायच्या आहेत.

## आधी जमवायच्या वस्तू

- लिटरच्या खुणा असलेली बादली आणि एक लिटरचं माप
- थांबघड्याळ (मोबाइलमधलं चालतं)
- जाड पुठ्ठ्याची, शिवलेली वही
- पर्जन्यमापक
- पाण्यातले क्षार मोजणारं खिशातलं टीडीएस मीटर
- जिवाणू तपासण्याच्या कुप्या (ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे विचारा)
- गाव नकाशा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० मापाचा नकाशा
- होकायंत्र, उतार मोजायचं साधन आणि छोटा हातोडा. हे तिन्ही भूवैज्ञानिक बरोबर आणतो, विकत घेऊ नका.

वहीबद्दल आग्रहाने सांगतो. मोबाइलमध्ये नोंदी ठेवल्या की मोबाइल बदलतो, माणूस मुंबईला जातो आणि दोन पावसाळ्यांची मोजणी नाहीशी होते. वही वाडीत राहते.

## १. सगळे झरे मोजून यादी करा

फक्त आपल्या पाणवठ्याचा विचार करू नका. डोंगराच्या त्या अंगावरचे सगळे झरे, पाझर, कुंडं आणि पावसाळ्यातच वाहणारे ओलावेसुद्धा फिरून बघा. प्रत्येकाचं स्थान मोबाइलवरच्या जीपीएसने टिपा, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहा, वापर कोण करतं आणि किती महिने पाणी असतं ते लिहा.

बरोबर गुराखी घ्या. डोंगरात कुठे काय ओलं असतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. यादी नकाशावर मांडलीत की बरेचदा चार-पाच झरे जवळपास एकाच उंचीवर ओळीने लागलेले दिसतात. ती ओळ दिसली की ठळक रेघ मारून ठेवा. चौथ्या पायरीत ती लागणार आहे.

## २. धार मोजा, आणि मोजतच राहा

काहीही खोदण्याआधी निदान एक पूर्ण वर्ष मोजणी हवी. लोकांना हे पटवणं जड जातं. गावात उत्साह असतो, कुणीतरी देणगी देऊ केलेली असते आणि तुम्ही म्हणता वर्षभर थांबा. तरीही थांबाच. आधीची धार माहीत नसेल तर काम केल्यावर फरक पडला की नाही, हे सांगायला तुमच्याकडे ‘वाटतंय’ याच्यापलीकडे काही राहत नाही.

मोजणी सोपी आहे. धार बादलीत सगळीच्या सगळी पडेल अशी पन्हळ लावा. केळीचा सोप किंवा पत्र्याचा तुकडा चालतो. बाजूने गळती होत असेल तर ओल्या मातीने लिंपा. बादली भरायला लागलेले सेकंद मोजा, तीनदा मोजा, सरासरी घ्या. दहा लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर धार मिनिटाला १५ लिटर. म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या हिशोबाने हे पाणी सुमारे ३९० माणसांना पुरतं.

आता मे महिन्यातली बारीक धार घ्या, मिनिटाला दोन लिटर. बघणारा म्हणेल, संपलं पाणी. दिवसाचे होतात २,८८० लिटर, पन्नासेक माणसांची गरज. पण हे पाणी रात्रभर वाहून जातं आणि सकाळी हंडा लावून बसावं लागतं. अशा वाडीला पहिली गरज टाकीची असते. मोजल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

धार नसून कुंडात पाणी झिरपत असेल तर कुंड उपसा, पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि ठरावीक वेळात पातळी किती चढली ते मोजा. कुंडाची लांबी, रुंदी आणि चढलेली उंची मीटरमध्ये घेऊन गुणाकार करा, आलेल्या घनमीटरला हजाराने गुणलं की लिटर मिळतात.

पंधरा दिवसांतून एकदा, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, शक्यतो पहाटे उपसा सुरू होण्याआधी मोजा. पाऊस रोज एकाच वेळी नोंदवा. दोन्ही आकडे आलेखावर शेजारीशेजारी मांडले की झरा स्वतःबद्दल बोलू लागतो. पाऊस पडताच फुगणारा आणि उघडीप मिळताच उतरणारा झरा म्हणजे वरचा साठा उथळ, पाणी भेगांतून धावत येतंय. पावसानंतर उशिरा वाढणारा आणि सावकाश उतरणारा झरा म्हणजे आत मोठा साठा आहे. दुसऱ्या प्रकारच्या झऱ्यावर केलेलं काम टिकून फळ देतं.

टीडीएसही लिहीत जा. खरी तपासणी जिवाणूंची. पाणी नितळ दिसतं म्हणून ते पिण्यालायक ठरत नाही. कुपीतलं पाणी काळं पडलं तर आधी वरच्या अंगाला गोठा, शौचालयाचा खड्डा किंवा उघड्यावर जाण्याची जागा आहे का ते बघा. तोवर पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकून वापरा.

## ३. माणसांकडून झऱ्याचा इतिहास काढा

झरा कधीपासून बारीक झाला, त्याच्या आगेमागे डोंगरावर काय घडलं, हे विचारा. नवा रस्ता फोडला? सुरुंग लावले? माथ्यावर कुणी बंगल्यांसाठी जमीन सपाट केली? जंगल तुटलं, वणवे वाढले, बोअर मारली? उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा आणखी माणसांना विचारा.

बायकांची बैठक वेगळी घ्या, आणि पाणवठ्यावरच घ्या. आमच्याकडे गावच्या बैठकीत पुरुष सांगत होते की झरा एप्रिलात आटतो. पाणवठ्यावर एका आजींनी कातळातली एक चीर दाखवली. करंगळी जाईल एवढीच. मुख्य धार बंद झाल्यावरही तिच्यातून थेंब-थेंब पाणी येत असतं, ते बायका वाटीने भरून घेतात. झरा आटत नव्हता, खालच्या चिरेत उतरत होता. ती एक नोंद पुढे भूवैज्ञानिकाला फार उपयोगी पडली.

कोणता पाणवठा कुणाचा, हेही मोकळेपणाने विचारा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला, पण एका वाडीने वरचं पाणी भरायचं आणि दुसरीने खालचं, ही रीत काही ठिकाणी आजही बोलण्याशिवाय पाळली जाते. झऱ्याचं पाणी वाढवून ते जुन्याच वाटणीत अडकणार असेल, तर ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्या दारात काहीच पोचणार नाही. वाटणीचा विषय काम सुरू होण्याआधी निघाला पाहिजे. पाणी वाढल्यावर तो निघतच नाही.

## ४. खडक वाचा

ही पायरी कुणीही टाळू नये, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते ती हीच.

सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे हे थर. लांबून कड्याकडे पाहिलं की आडव्या पट्ट्या दिसतात, त्याच. प्रत्येक थर पाण्याच्या बाबतीत वेगळा वागतो :

- काळा पाषाण : घट्ट, एकसंध. त्यात भेगा-सांधे असतील तरच पाणी शिरतं.
- मांजऱ्या खडक : बारीक पोकळ्यांचा, पांढऱ्या-हिरवट खनिजांच्या ठिपक्यांचा. झिजला की मऊ होतो आणि पाणी धरतो.
- गेरूचा लाल थर : दोन लाव्हांच्या मधला, मातकट. पाणी सहसा खाली जाऊ देत नाही.
- जांभा : काही माथ्यांवर आणि कोकणातल्या सड्यांवर. भोकाभोकांचा, पाणी भराभर पितो आणि भराभर सोडतो.

वरून मुरलेलं पाणी मांजऱ्यातून किंवा भेगाळ कातळातून खाली उतरतं, खालच्या घट्ट पाषाणावर किंवा गेरूवर अडतं आणि आडवं सरकत जाऊन कड्याला, उताराला जिथे तोंड मिळेल तिथे बाहेर येतं. हाच थराचा झरा. पहिल्या पायरीत नकाशावर एकाच उंचीवर ओळीने लागलेले झरे आठवा. त्या उंचीवर थर बदलतोय. सह्याद्रीत असे झरे भरपूर आहेत. ओळीत न बसणारा, एखाद्या उभ्या चिरेतून येणारा झरा भेगेचा असू शकतो, आणि त्याचं पाणी कुठून येतं ते त्या भेगेच्या दिशेवर अवलंबून असतं.

आता खरी मेख. लाव्हाचे थर आडवे दिसतात, पण नेमके सपाट असतीलच असं नाही. थर एका बाजूला फक्त एक अंश कललेला असला तरी किलोमीटरभरात सुमारे १७ मीटरचा फरक पडतो. एवढा कल डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र पुरतो. म्हणून तुमच्या झऱ्याचं पाणी डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, दुसऱ्या गावाच्या हद्दीत मुरत असू शकतं. पाणलोटाची कामं माथ्याच्या रेषेपाशी थांबतात, कारण पृष्ठभागावरचं पाणी त्या रेषेने दोन्हीकडे विभागतं. जमिनीखालचं पाणी ती रेषा पाळत नाही. हिमालयात खडक फार तिरपे आहेत, तिथे हा फरक ठळक दिसतो आणि म्हणूनच तिथे ‘पाणलोट’ सोडून ‘झऱ्याचं क्षेत्र’ धरून काम सुरू झालं. आपल्याकडे कल थोडा आहे म्हणून तो विसरला जातो.

हे वाचन भूवैज्ञानिकाचं काम आहे. कुणाला बोलवायचं? पहिलं दार भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचं. ग्रामपंचायतीच्या पत्रावर, झऱ्यांची यादी आणि मोजणीच्या वहीची प्रत जोडून मागणी करा. तुमच्याकडे आकडे आहेत हे दिसलं की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. जवळच्या महाविद्यालयात भूशास्त्र विभाग असेल तर तिथल्या प्राध्यापकांना भेटा, विद्यार्थ्यांना प्रकल्प हवेच असतात. भूजलावर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही मदत करतात. पाहणीच्या दिवशी गावातली दोन-तीन तरुण मुलंमुली बरोबर राहतील असं बघा. मांजऱ्या आणि पाषाण ओळखायला ती एका दिवसात शिकतात, आणि भूवैज्ञानिक गेल्यावर गावात जाणकार कुणीतरी उरतं.

काडी फिरवून, नारळ आडवा धरून पाण्याची जागा सांगणारे तुमच्याकडेही येतील. त्यांना पैसे देऊ नका.

## ५. पाणी मुरण्याची जागा नक्की करा

पाहणीनंतर भूवैज्ञानिकाकडून तीन गोष्टी कागदावर मागून घ्या : डोंगराचा उभा छेद (साधं रेखाचित्र चालेल), झऱ्याचा प्रकार आणि नकाशावर आखलेलं पुनर्भरण क्षेत्र, म्हणजे पाणी मुरण्याची जागा. तोंडी सांगितलेली जागा महिनाभरात बदलते, ‘त्या आंब्याच्या वर’चं ‘त्या आंब्याच्या खाली’ होतं.

त्या क्षेत्राचे गट नंबर काढा. पाण्याचा हिशोबही आत्ताच करा. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. अडीच हजार मिलिमीटर पावसाच्या माथ्यावर हेक्टरी अडीच कोटी लिटर पडतं. शंभर माणसांना उन्हाळ्याच्या १२० दिवसांसाठी, माणशी ५५ लिटरप्रमाणे, लागतं ६ लाख ६० हजार लिटर. मुरलेलं सगळं पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही, बरंचसं दिवाळीपर्यंत झऱ्यांतून निघून जातं. तरीही हे दोन आकडे ग्रामसभेत फळ्यावर लिहून दाखवा. पाऊस कमी पडतो म्हणून झरा आटतो, हा समज तिथल्या तिथे गळून पडतो.

## ६. कागदपत्रं

जमीन कुणाची, यावर सगळं ठरतं.

- ग्रामसभेचा ठराव : झऱ्याचं नाव, गट नंबर, पुनर्भरण क्षेत्राचे गट, चराईबंदी-कुऱ्हाडबंदीचे नियम, पाण्याची वाटणी, देखभाल कोण करणार. मोघम ठराव पुढे कामी येत नाही.
- खासगी जमीन : अलीकडचा सातबारा आणि सर्व खातेदारांची लेखी संमती. कोकणात आणि मावळात एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं असतात, त्यांतली निम्मी मुंबई-पुण्यात. गणपतीत किंवा शिमग्याला सगळे गावी येतात तेव्हा सह्या घ्या.
- वनजमीन : वनखात्याच्या परवानगीशिवाय कुदळही मारू नका, चर खोदणं हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळण्याची तरतूद आहे. लहान पाणीसाठे आणि पावसाचं पाणी साठवण्याची कामं त्यात येतात. ग्रामसभेची शिफारस लागते आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडता येत नाहीत. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचाच हक्क आहे, त्या आधारावर बोला.
- दुसऱ्या गावाची हद्द : दोन्ही ग्रामसभांचे ठराव. पलीकडच्या गावाला यातून काय मिळणार, हे आधी ठरवून जा. चराई सोडायला सांगताय तर चाऱ्याची सोय बोला.
- रोजगार हमीतून करायचं असेल तर : ग्रामपंचायतीच्या आराखड्यात काम घालून घ्या. त्या वर्षीच्या आराखड्यात नाव नसेल तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं, म्हणून पावसाळ्यातच ग्रामपंचायतीत चौकशी करा.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोक बघतात. झऱ्याची नोंद सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा स्रोत म्हणून करून घ्या. राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्याने अशा स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घ्यायला मनाई केली, आणि पुढे २००९ चा अधिक व्यापक कायदा आला. नोंद नसलेल्या झऱ्याला कायदा ओळखत नाही. वरच्या अंगाला कुणी बोअर मारली आणि थर तोच असला, तर तुमचं वर्षाचं काम आठवड्यात रिकामं होऊ शकतं.

## ७. मुरण्याच्या जागेवर काम

मंद उताराच्या माथ्यावर समतल चर, ओघळीत अनघड दगडी बांध, सपाटीला उथळ तळी. कुठे काय, हे पाचव्या पायरीतला नकाशा सांगेल. समपातळीची रेषा ए-फ्रेमने (इंग्रजी A च्या आकाराची, ओळंबा लटकवलेली चौकट) आखा. ती बांबूचीही करता येते. दहा मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चरात १,८०० लिटर पाणी मावतं. पावसाळ्यात तो कितीदा भरतो आणि मुरतो, यावर खरा फायदा ठरतो. चर भरून दोन दिवस तसाच राहिला तर खाली गेरू किंवा घट्ट पाषाण आहे, जागा बदला.

यातले सापळे :

तीव्र उतारावर चर खोदू नका. वस्तीच्या वरच्या उतारावर तर कधीच नाही. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३ ही दरडीखाली गेलेल्या वस्त्यांची नावं सह्याद्रीत काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवली पाहिजेत. जाड मातीच्या उतारावर जास्तीचं पाणी मुरवणं धोक्याचं असतं. उतारावर भेगा दिसल्या, झाडं कलली, अतिवृष्टीत झरा एकाएकी गढूळ झाला किंवा नवीच जागा फुटून पाणी येऊ लागलं, तर वाडी रिकामी करा आणि तहसील कार्यालयाला कळवा. झऱ्याचं काम त्यानंतर.

‘झाडं लावली की पाणी वाढतं’ असं सरसकट धरून चालू नका. भराभर वाढणारी परदेशी झाडं स्वतःच भरपूर पाणी पितात. माथ्यावर आधी गवत आणि झुडपं परत येऊ द्या. वणवा आणि मोकाट चराई काही वर्षं थांबली तर सह्याद्रीतली जमीन आपोआप झाकली जाते, आणि खर्च काहीच नाही. पावसाळ्याआधी जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढण्यापेक्षा ती हिवाळा संपतासंपता काढा, वणवे फेब्रुवारीपासूनच लागतात.

जेसीबीचा मोह टाळा. दिवसात काम उरकतं हे खरं. पण त्याच्या वजनाने माती दबते, वाट करताना झाडं जातात आणि मजुरी गावाबाहेर जाते.

## ८. झऱ्याच्या तोंडाशी हात जपून

इथे कामं कमी आणि बंधनं जास्त. सुरुंग नको, पहारीने चीर मोठी करणं नको. चीर मोठी केली की दोन-चार दिवस धार जोरात येते, कारण साठा भराभर रिकामा होतो. लोक खूश होतात, आणि उन्हाळ्यात झरा आणखी लवकर आटतो.

टाकी बांधायची तर झऱ्याच्या डोळ्यापासून थोडी खाली बांधा आणि पाणी पाइपने न्या. टाकीतली पाण्याची पातळी झऱ्याच्या तोंडापेक्षा वर चढता कामा नये. मागे दाब आला की पाणी खडकात दुसरी वाट शोधतं आणि जुन्या तोंडातून येणं बंद होतं. म्हणून ओसंडीचा पाइप झऱ्याच्या पातळीच्या खालीच ठेवा. तोंडापाशी धुतलेली खडी, वर झाकण, भोवती पावसाचं पाणी वळवणारा चर आणि गुरं आत येणार नाहीत एवढं कुंपण.

ओसंडीचं पाणी गुरांच्या हौदात सोडा आणि हौदातून पुढे ओहोळात जाऊ द्या. पाखरं, रानडुकरं, ओहोळातले खेकडे सगळेच त्या पाण्यावर असतात. पाणवठ्यावर जुना उंबर असेल किंवा झरा देवराईत असेल तर मुळांना धक्का लावू नका. देवराईतल्या कामासाठी पुजारी-मानकऱ्यांशी सगळ्यात आधी बोला, ठरावाच्याही आधी.

## ९. काम झाल्यावरची मोजणी

वही बंद करायची नाही. कामानंतर धार बघताना त्या वर्षीचा पाऊसही बघा. पाऊस जास्त झाला म्हणून धार वाढली असेल तर ते श्रेय चरांचं नाही. शक्यतो शेजारचा, काम न केलेला एखादा झराही सुरुवातीपासून मोजत राहा. दोघांच्या मे महिन्यातल्या आकड्यांची तुलना केली की खरं चित्र दिसतं. पहिल्याच वर्षी चमत्कार होत नाही. भेगांचा, उथळ साठ्याचा झरा एका पावसाळ्यात प्रतिसाद देऊ शकतो, मोठ्या साठ्याच्या झऱ्याला जास्त पावसाळे लागतात.

दरवर्षी मे अखेरीस चरांतला गाळ काढा. तो काढला नाही तर दोन-तीन पावसांत चर बुजतात आणि केलेलं काम मातीखाली जातं. यासाठी घरटी एक माणूस, एक दिवस, असं ठरावातच लिहून ठेवलेलं बरं.

तीन पावसाळ्यांनंतरही शेजारच्या झऱ्याच्या तुलनेत काहीच फरक नसेल, तर नवे चर खोदू नका. वही आणि उभा छेद घेऊन भूवैज्ञानिकाकडे परत जा. बहुतेक वेळा पुनर्भरण क्षेत्र आखताना थराचा कल किंवा भेगेची दिशा निसटलेली असते, आणि ते शोधायला लागणारे सगळे आकडे तोवर तुमच्या वहीत आलेले असतात.